तैवानच्या गोड प्रेमकथा

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. इतिहासाच्या पदवी-वर्गांतील एक विद्यार्थिनी वार्षिक निबंधाचा विषय ठरवून घेण्यासाठीं आमच्या खोलींत आली. "सर, तैवानच्या मालिकांमधल्या प्रेमकथांवर लिहिलं तर चालेल का?" असें तिनें भीत भीतच विचारलें. चष्मा काढून आम्ही हंसलों आणि म्हणालों, "अगं, हा इतिहासाचा वर्ग आहे. इथं राज्यं, तह आणि लढाया यांचा अभ्यास होतो. गोड गोष्टी रात्री जेवणं झाल्यावर बघ." दाराशीं उभीं असलेलीं दोन-तीन मुलेंहि हंसलीं. मुलगी सरळ स्वभावाची होती. तिनें मिठाच्या जकातीवर निबंध लिहिला, तो चांगला लिहिला, आणि आम्हीं तिला चांगले गुण दिले. आपल्या हातून कांहीं चुकलें असें त्या वेळीं आमच्या मनांतहि आलें नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत घरांत पाय घसरून आमच्या पत्नीचें हाड मोडलें व तिला दीड महिना अंथरुणावर पडून राहावें लागलें. त्या काळांत मुलीनें आईच्या करमणुकीसाठीं ह्याच मालिका लावून दिल्या. शेजारीं बसून औषधांच्या वेळा सांभाळणें एवढेंच आमचें काम होतें. त्यामुळें पहिले दोन दिवस वर्तमानपत्राआडून, आणि पुढें वर्तमानपत्र बाजूस ठेवून, आम्हींहि त्या पाहिल्या. एकदां मालिका संपल्यावर पत्नी म्हणाली, "हे सगळं खोटं आहे हे मला कळतं हो. पण हे खोटं कुणाला तरी फार हवं होतं, असं वाटतं." इतिहासाच्या अभ्यासकानें विचारावा असाच हा प्रश्न होता. हें खोटें कोणास हवें होतें, केव्हां, आणि कां? त्याचें उत्तर शोधतांना आम्हांस जें आढळलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रणयकथेचें नांव निघतांच विद्वानांच्या कपाळास आठ्या पडाव्या ही रीति सर्वत्र आहे. आमच्याकडे ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्या ज्या घरांतून चवीनें वाचल्या जात, त्याच घरांतून त्यांची थट्टाहि होत असे. आमच्या मतें अशा कथांतील गोडवा सर्व देशांत सारखाच असतो. त्यावरून फारसें कांहीं कळत नाहीं. पाहावयाचा असतो तो दोन जीवांच्या आड येणारा अडथळा. तो प्रत्येक काळीं निराळा असतो, आणि त्या काळच्या समाजाला कोठें दुखत होतें तें त्यावरून समजतें.

तैवानचें दुखणें समजण्यास थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. १८९५ पासून १९४५ पर्यंत पन्नास वर्षें हें बेट जपानच्या ताब्यांत होतें. पुढें चीनमधील यादवी युद्धांत च्यांग कै-शेक यांच्या पक्षाचा पराभव झाला आणि १९४९ सालीं त्यांचें सरकार, सैन्य व त्यांच्या मागोमाग आलेले लोक मिळून दहा लाखांहून अधिक माणसें समुद्र ओलांडून या बेटावर आलीं. चार-दोन वर्षांत परत जाऊं, या समजुतीनें कित्येक पुरुषांनीं बायकामुलें व म्हातारे आईबाप मागें ठेविले होते. परत जाणें झालें नाहीं. २० मे १९४९ पासून लागू झालेला लष्करी कायदा १५ जुलै १९८७ पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षें, चालू राहिला. पलीकडच्या किनाऱ्यावरील माणसास साधें पत्र धाडण्याचीहि सोय नव्हती, आणि त्या विरहाविषयीं उघड तक्रार करणें म्हणजे सरकारच्या विजयाच्या वचनावर अविश्वास दाखविणें होतें.

अशा बेटावर १९६३ सालीं दोन गोष्टी घडल्या. त्या वर्षींच्या एप्रिलांत तैपेइ शहरांत हाँगकाँगमध्यें तयार झालेला एक गीतमय चित्रपट लागला. कथा जुनीच होती: चू यिंग-ताय ही मुलगी पुरुषवेषानें पाठशाळेंत जाते, लियांग शान-पो या सहाध्यायावर तिचें प्रेम बसतें, बाप तिचें लग्न दुसरीकडे ठरवितो, झुरून झुरून तो तरुण मरतो, त्याची कबर दुभंगते, ती आंत उडी घेते आणि दोन फुलपाखरें बाहेर पडतात. हा चित्रपट लोकांनीं पुनःपुन्हां पाहिला. नायकाचें काम करणारी नटी लिंग पो त्या वर्षीं तैपेइस आली तेव्हां रस्त्यांवर अशी गर्दी लोटली कीं बाहेरच्या वृत्तपत्रांनीं या शहरास वेड्यांचें शहर म्हटलें. कथा इतकी ओळखीची असतां लोक एवढे कां रडले, याचें कारण केवळ चित्रपटाच्या गुणांत सांपडणार नाहीं. ज्यांना स्वतःच्या विरहासाठीं चारचौघांत रडतां येत नव्हतें, त्यांस अंधाऱ्या चित्रपटगृहांत दुसऱ्याच्या विरहासाठीं रडण्यास कोणाची मनाई नव्हती.

त्याच वर्षीं च्युंग याओ या पंचवीस वर्षांच्या लेखिकेची 'खिडकीबाहेर' ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखिका १९३८ सालीं चेंगदू येथें जन्मली आणि १९४९ सालीं आईबापांबरोबर तैवानांत आली. शाळेंत शिकणारी मुलगी वयानें पुष्कळच मोठ्या असलेल्या आपल्या शिक्षकावर प्रेम करते आणि तिची आई तें मोडून काढते, असें त्या कथेचें सूत्र असून त्याला लेखिकेच्या स्वतःच्या आयुष्याचा आधार होता. पुढच्याच वर्षीं तिनें जी मोठी कादंबरी लिहिली तींत अडथळ्याचें खरें स्वरूप अधिक स्पष्ट झालें. तिच्या नांवाचा अर्थ 'सूर्यास्त कितीदां लाल झाला' असा होतो. युद्धकाळीं चुंगकिंग येथें एका तरुणीचें आणि एका विद्यार्थ्याचें प्रेम जडतें आणि त्यांची ताटातूट होते. अठरा वर्षांनीं तैपेइंत त्या स्त्रीच्या मुलीचें प्रेम एका तरुणावर बसतें, आणि तो तिच्या जुन्या प्रियकराच्याच नात्यांतला निघतो. हा योगायोग कोणाहि टीकाकारास हास्यास्पद वाटेल. परंतु मागें ठेवलेलें माणूस अठरा वर्षांनीं अकस्मात् दारांत उभें राहावें, हें त्या बेटावरील किती घरांचें न बोललेलें स्वप्न असेल याचा विचार केला म्हणजे हंसूं मावळतें.

टीकाकार गप्प नव्हते. १९६५ सालीं ली आव या तडफदार लेखकानें 'खिडकीबाहेर'वर कडक हल्ला चढविला. फुलें, चंद्र आणि भित्रें प्रेम यांपलीकडे जग आहे, तेथें खाणींतले मजूर आहेत, तुरुंगांतले कैदी आहेत, तिकडे लेखिकेनें पाहावें, असा त्याचा आशय होता. हे गृहस्थहि १९४९ सालींच मुख्यभूमीवरून आलेले. पुढें राजकीय कारणांवरून त्यांस स्वतःस तुरुंगवास घडला. म्हणून त्यांचा आक्षेप हलका लेखतां येत नाहीं. १९७० नंतर या कादंबऱ्यांवर जे चित्रपट निघाले त्यांस लोक थट्टेनें 'तीन दालनांचे चित्रपट' म्हणत, कारण सारी कथा दिवाणखाना, भोजनगृह आणि कॉफीगृह यांतच घडे. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ह्या कथांची भाषा सरकारमान्य मँडरिन होती. बेटावरील बहुसंख्य लोकांची घरची भाषा होक्किएन होय. त्या भाषेंतील बाहुल्यांचा एक खेळ १९७० मध्यें दूरचित्रवाणीवर विलक्षण लोकप्रिय झाला, आणि १९७४ मध्यें तो बंद पाडण्यांत आला. १९७६ च्या कायद्यानें बोलीभाषांचा वापर वर्षानुवर्षें कमी करीत नेण्याचें ठरलें. ती अट १९९३ मध्यें रद्द झाली. म्हणजे विरहाचीं स्वप्नें पाहण्याची मुभा होती, पण तीं सर्वांस आपल्या भाषेंत पाहतां येत नव्हतीं.

दूरचित्रवाणी या बेटावर १९६२ मध्यें आली. १९६९ आणि १९७१ मध्यें आणखी दोन केंद्रें निघालीं, आणि पुढें वीसेक वर्षें या तिघांचेंच राज्य होतें. १९८६ सालीं 'सूर्यास्त'ची मालिका झाली तेव्हां चित्रपटगृहांतलें रडणें जेवणघरांत आलें. दुसऱ्याच वर्षीं लष्करी कायदा उठला आणि नोव्हेंबर १९८७ पासून मुख्यभूमीवरील आप्तांस भेटण्याची परवानगी मिळाली. म्हातारे शिपाई आपापल्या गांवीं गेले. कित्येकांच्या आया निवर्तल्या होत्या, कित्येकांच्या बायकांनीं दुसरें घर केलें होतें. कादंबरींतली भेट प्रत्यक्षांत अशी झाली. १९८८ सालीं च्युंग याओ यांनींहि एकोणचाळीस वर्षांनीं ती भूमि पाहिली, आणि लवकरच त्यांच्या मालिकांचें चित्रण तिकडे होऊं लागलें. त्यांच्या 'धुक्यांतला पाऊस' या १९६४ च्या कादंबरींत एक जुना सरदार तैपेइंत आपल्या फुटक्या संसारासह दिवस काढीत असतो. २००१ च्या मालिकेंत तेंच कुटुंब १९३० नंतरच्या शांघायमध्यें नेऊन बसविलें आहे. समुद्राचा अडथळा दूर होतांच कथाहि मागें, आपल्या जुन्या घरीं, गेली.

त्याच २००१ सालीं दुसरा प्रवाह सुरू झाला. १९७२ मध्यें जपाननें तैवानशीं राजनैतिक संबंध तोडल्यापासून जपानी कार्यक्रमांवर बंधनें होतीं. १९९० नंतर उपग्रहावाटे जपानी प्रेमकथा येऊं लागल्या आणि तीं बंधनें सैल झालीं. त्या शिक्षणांतून 'मूर्ति-नाट्य' हा प्रकार निघाला. 'मूर्ति' म्हणजे तरुण मंडळी ज्याची पूजा करतात असा नट. योको कामिओ या जपानी लेखिकेच्या चित्रकथेवरून रचलेली 'उल्कांची बाग' ही मालिका यांत अग्रेसर होय. नायिका शान-त्साय गरीब घरची असून तिचें नांव एका रानटी रोपट्याचें आहे. श्रीमंतांच्या शाळेंतील चार मस्तवाल तरुणांस ती तोंडावर उत्तर देते, आणि त्यांतलाच एक तिच्या प्रेमांत पडतो. त्या श्रीमंत शाळेचें चित्रण च्यायी येथील एका सरकारी विद्यापीठांत झालें, ही एक गंमतच. २००२ मध्यें चीननें ही मालिका दाखविण्यास बंदी केली. २००३ मध्यें तिनें फिलिपाइन्समधील घरेंदारें जिंकलीं. पुढें जपान, कोरिया व चीन येथें तीच कथा नव्यानें रचली गेली.

येथें समुद्र नाहीं, युद्ध नाहीं. अडथळा आहे पैशाचा आणि मुलाच्या गर्विष्ठ आईचा. लष्करी कायद्याची आठवण नसलेल्या, भरभराटींत वाढलेल्या पिढीचें हें दुखणें आहे: माणसाची किंमत त्याच्या घराण्याच्या मिळकतीवरून ठरावी काय? या प्रश्नास मालिका जें उत्तर देते तें गोड आहे म्हणून खोटेंहि आहे. नायकाची सुरुवातीची दांडगाई त्याच्या प्रेमापोटीं विसरावी, अशी ती अपेक्षा करते, आणि मुलींनीं तो धडा घेऊं नये असें आम्हांस मनापासून वाटतें. तथापि मान खालीं न घालणारी ती मुलगी खोटी नाहीं. लियांगच्या कबरींत उडी घेणाऱ्या चूपासून या रोपट्यापर्यंतचें अंतर तिनें अडतीस वर्षांत चालून काढलें आहे.

तैपेइंतील दादावचंग या जुन्या पेठेंत नगरदेवाचें एक लहानसें मंदिर आहे. तेथें चंद्रप्रकाशांत बसणारा म्हातारा, म्हणजे लग्नें जुळविणारा देव, आहे. थांग काळांतील एका कथेप्रमाणें तो ज्यांच्या पायांस लाल दोरा बांधतो त्यांचें लग्न टळत नाहीं. तरुण मंडळी तेथें लाल दोरा घेतात. लग्न जमल्यावर पुन्हां येऊन देवापुढें लग्नाचीं बिस्किटें ठेवतात, आणि नवे आलेले भक्त तो प्रसाद खातात. दुसऱ्याच्या पार पडलेल्या प्रेमाचा गोड तुकडा खाऊन आपल्या प्रेमाची आशा धरावयाची, असा हा रिवाज आहे. मालिका पाहणारीं माणसें घरीं बसून याहून निराळें काय करतात?

४ डिसेंबर २०२४ रोजीं च्युंग याओ वयाच्या ८६ व्या वर्षीं वारल्या. पुढें दोन महिन्यांच्या आंत, २ फेब्रुवारी २०२५ रोजीं, शान-त्सायचें काम करणारी नटी शू शी-युआन जपानमध्यें प्रवासांत असतांना तापानें गेली. ती अवघी ४८ वर्षांची होती. दोघींसाठीं अनेक देशांतील लोक हळहळले. आमच्या मुलीनें ती दुसरी बातमी आईला सांगितली तेव्हां दोघीहि बराच वेळ बोलल्या नाहींत, आणि त्या मौनाचा अर्थ त्या वेळीं आम्हांस कळला नव्हता.

ती विद्यार्थिनी आतां एका तालुक्याच्या गांवीं शाळेंत इतिहास शिकविते असें ऐकतों. हा अंक आम्ही तिला पाठविणार आहों. वास्तविक हा निबंध तिचा होता. तिनें तो लिहिला असता तर आम्हांस जें पुस्तकांतून शोधावें लागलें तें तिला आधींच ठाऊक असतें, आणि वर्गांतील मुलांनीं तो हंसण्याऐवजीं ऐकला असता.