मोघम कायदा आणि लेखनस्वातंत्र्य

लोकांच्या लेखनावर सरकारचें नियंत्रण असावें कीं नसावें, हा वाद हिंदुस्थानांत वृत्तपत्रांइतकाच जुना आहे. इंटरनेटनें त्याचें क्षेत्र वाढविलें. त्याचें मूळ पालटलें नाहीं. तें मूळ कोणतें, हें मुंबईच्या उच्च न्यायालयांतील १८९७ सालच्या एका खटल्यावरून चांगलें समजतें.

‘केसरी’तील लेखनाबद्दल त्या वर्षीं लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा आरोप आला. दंडसंहितेच्या १२४ अ कलमान्वयें सरकारविषयीं ‘अप्रीति’ उत्पन्न करणें हा गुन्हा होता. पण अप्रीति म्हणजे काय? न्यायमूर्ति स्ट्रेची यांनीं ज्यूरीस सांगितलें कीं, अप्रीति म्हणजे प्रीतीचा अभाव! हा अर्थ मानला, तर सरकारवर टीका करणाऱ्यानें लिहावें तरी काय? ज्यूरींतील ६ युरोपियनांनीं टिळकांस दोषी व ३ हिंदी गृहस्थांनीं निर्दोषी ठरविलें, आणि १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली.

पुढें स्वराज्य आलें. राज्यघटनेच्या १९ व्या कलमानें भाषणस्वातंत्र्य दिलें. राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी इत्यादि कारणांसाठीं वाजवी निर्बंधांची तरतूदहि त्याच कलमांत आहे. तथापि माहिती तंत्रज्ञान कायद्यांत २००८ च्या दुरुस्तीनें ६६ अ हें कलम आलें, तेव्हां जुनाच दोष नव्या वेषांत अवतरला. संगणकाच्या वा दूरध्वनीच्या द्वारें ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर धाडणें, किंवा खोटा मजकूर ‘त्रास’ वा ‘गैरसोय’ व्हावी म्हणून धाडणें, यास ३ वर्षांपर्यंत कैद होती. आक्षेपार्ह कोणास? त्रास किती? कलम मुकें होतें.

नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्या बंदविषयीं फेसबुकवर प्रश्न करणारी एक तरुणी, आणि त्या मजकुरास केवळ पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण, अशा दोघींस पालघर येथें अटक झाली. त्यांना ६६ अ हें कलमहि लावण्यांत आलें. तेव्हां एका तरुणीनें सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. २४ मार्च २०१५ रोजीं न्यायमूर्ति चेलमेश्वर व न्यायमूर्ति नरिमन यांनीं तें कलम घटनाबाह्य ठरविलें. त्यांतील शब्द इतके मोघम होते कीं, निषिद्ध काय हें नागरिकास कळत नव्हतें व अधिकाऱ्यासहि कळत नव्हतें.

परंतु त्याच निकालानें ६९ अ हें कलम कायम ठेवलें, हें विसरतां कामा नये. त्यान्वयें सरकारास मजकूर बंद करतां येतो. मात्र कारणें ठराविक आहेत, तीं लेखी नमूद करावीं लागतात, आणि त्या आदेशास न्यायालयांत आव्हान देतां येतें. म्हणजे न्यायालयानें नियंत्रण नाकारलें नाहीं. बेमाप नियंत्रण नाकारलें.

२०२३ सालीं सरकारी कारभाराविषयींचा मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा आहे कीं नाहीं, हें सरकारच्याच विभागानें ठरवावें असा नियम निघाला. सप्टेंबर २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तो घटनाबाह्य ठरविला. शब्दांचा मोघमपणा हें त्याचें एक कारण होतें. ज्या न्यायालयांत १८९७ सालीं एका मोघम शब्दानें टिळकांस तुरुंग दाखविला, तेथेंच सव्वाशे वर्षांनीं मोघम शब्द अमान्य झाले. बालकांचा छळ व दंगलीची चिथावणी रोखण्यास कायदा हवाच; पण त्यानें आपली सीमा अगोदर सांगितली पाहिजे.