सावधगिरी शिकविण्याचा इतिहास



मी विद्यापीठातला मनुष्य नव्हे. इस्लापूर-किनवट भागात हमाल, तेंदूपाने तोडणारे आणि अंगणवाडी सेविका यांच्या संघटनेत माझे आयुष्य गेले. जे काही वाचले ते मोर्चे नि बैठकी यांतून उरलेल्या वेळात. आजचा विषय मोबाईल व संगणक यांवरून होणाऱ्या फसवणुकीपासून सावध राहण्याच्या शिक्षणाचा आहे. असे वर्ग आता जागोजागी भरतात. पण ऐकणारे ते मनापासून स्वीकारीत नाहीत. असे का व्हावे? 'लोक अडाणी आहेत' हे उत्तर फार सोपे झाले. इतिहास निराळेच सांगतो.

ज्या 1875 साली पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्याच वर्षी 12 मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले आणि ठिकठिकाणी कर्जखतांच्या होळ्या झाल्या. त्या खतांवर शेतकऱ्याची सही म्हणजे नांगराची निशाणी. वरचा मजकूर त्याला वाचता येत नसे. सरकारपुढे दोन मार्ग होते. 'वाचल्यावाचून निशाणी करू नकोस' असा शेतकऱ्याला उपदेश करावयाचा, किंवा खत लिहून घेणाऱ्यालाच वेसण घालावयाची. 1879 च्या दख्खनच्या शेतकरी कायद्याने दुसरा मार्ग धरला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांत खत सरकारी नोंदणीदारापुढे व्हावे, सावकाराने पावती व हिशेब द्यावा, आणि न्यायालयाने कागदामागचा खरा व्यवहार तपासावा असे ठरले. कर्ज काही संपले नाही; पण वाचता न येणे हा गुन्हा नव्हे, एवढे तरी मान्य झाले. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने त्याच्या वाट्याला हा कायदा आला नाही.

दुसरा दाखला कामगारांचा. 1958 साली नागपुरास केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ निघाले. त्याची रीत अशी, की शिक्षणाधिकाऱ्यांनी कारखान्यांतील निवडक कामगारांना शिकवावे आणि या कामगार-शिक्षकांनी परत जाऊन आपल्याच सोबत्यांचे वर्ग घ्यावेत. साच्यावर शेजारी उभा राहणारा माणूस शिकवू लागला, की शंका विचारण्याची लाज वाटत नाही. बँकांत यंत्रे आली तेव्हाही कर्मचाऱ्यांचा विरोध होता; परंतु 1983 साली बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला, आणि पुढे तेच कर्मचारी ती यंत्रे चालवू लागले. विचारात घेतलेला माणूस शिकतो. उलट ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन निकृष्ट आणि नोंदीचे ॲप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. त्या शिकण्यास नाखूश होत्या, असे कोण म्हणेल?

आता चोरीचा प्रकार पाहा. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्यांतील बरीचशी रक्कम परदेशांतील एटीएममधून काढली गेली. खातेदाराच्या हातून चूक होण्याची वाट चोरांनी पाहिलीच नाही. ते थेट यंत्रणेत शिरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सुरक्षेचे नियम घालून दिले. त्याआधी 2017 साली तिने असेही ठरविले होते, की खातेदाराने स्वतःच गुप्त आकडा सांगितला, तर बँकेला कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे सारा खेळ लवकर कळविण्याचा आहे.

आणि नेमके येथेच आपले वर्ग फसतात. मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका कार्यालयात परीक्षा म्हणून कर्मचाऱ्यांना खोटा संदेश पाठविला, आणि जे फसले त्यांची नावे फळ्यावर लावली. चार लोक हसले. काही महिन्यांनी खरा चोर आला. ज्या बाईंनी चुकून कळ दाबली, त्यांना ते त्याच मिनिटाला समजले होते. पण फळा आठवून त्या दोन दिवस गप्प राहिल्या. नंतर त्या माझ्याकडे येऊन रडल्या. म्हणाल्या, "भाऊ, चोरापेक्षा मला साहेबांचीच भीती जास्त वाटली." त्या दोन दिवसांची किंमत कोणाच्या नावावर मांडावयाची?

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. हे शिक्षण अवश्य हवे. पण ते शिकणाऱ्याच्या बोलीत, किनवटच्या डोंगराकडे गोंडी-कोलामीतसुद्धा, आणि त्याच्यातल्याच माणसाच्या तोंडून मिळावे. चूक कबूल करणाराला शिक्षा नसावी. आणि उपदेश करून यंत्रणावाल्यांनी आपली जबाबदारी झटकू नये.

आपल्यापैकी कोणी फसला, तर लाजू नका. त्याच घटकेस 1930 या क्रमांकावर फोन करा व बँकेला कळवा. आणि शेजारी फसला, तर त्याला हसू नका; त्याला फोन लावून द्या.