आम्लाचे माप आणि उल्हासचे खोरे

बदलापूरच्या हेंद्रेपाड्याजवळून जाणारी उल्हास नदी पुढे शहाडला पोहोचते. तेथे १९५०च्या दशकापासून सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवावयाचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करून मधासारखा चिकट द्राव करावयाचा आणि तो बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या हौदात सोडावयाचा. सोडा व आम्ल एकमेकांस मारतात आणि धागा हाती राहतो. क्रॉस, बेव्हन व बीडल या इंग्रज रसायनज्ञांची ही १८९२ सालची युक्ती.

उदासिनीकरणाचे ज्ञान मात्र त्याहून फार जुने. तीव्र क्षार लावलेल्या जागेचा दाह शमविण्यास आंबट द्रव्य वापरावे, असे सुश्रुतसंहिता सांगते. 'अल्कली' हा शब्द तर अरबी 'अल्-कली'वरून आला. खारवट जमिनीवरील झुडपांची ती राख. पण किती आम्लास किती क्षार, हा हिशेब उशिरा सुरू झाला. १७२९ साली फ्रान्समध्ये जॉफ्रॉयने सिरक्यात फेस थांबेपर्यंत पोटॅश टाकून त्याचे वजन पाहिले. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसनने सामूची मोजपट्टी दिली. ही पट्टी दिसते साधी, पण फसवी आहे. एक अंक खाली उतरला की आम्लता दसपट!

समजा, सामू १ असलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा दहा हजार लिटरचा टँकर आहे. लिटरमागे ०.१ मोल, म्हणजे एकूण १,००० मोल आम्ल. कॉस्टिक सोडाही तितकाच हवा. त्याचा एक मोल ४० ग्रॅमचा, म्हणून अवघा ४० किलो. विझवलेला चुना ३७ किलो पुरतो, कारण त्याचा एक मोल दोन मोल आम्ल मारतो. उलट, नुसत्या शुद्ध पाण्याने सामू ६ वर आणावयाचा तर एका टँकरचे एक लाख टँकर करावे लागतील. नदीतील बायकार्बोनेट काही आम्ल पचविते हे खरे, परंतु ते भांडवल अमर्याद नाही.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ साली केला; केंद्राचा १९७४ साली आला. नदीत सोडावयाच्या सांडपाण्याचा सामू ५.५ ते ९ हवा, असे बंधन आहे. तरीही नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात टँकरमधील रसायन वालधुनीत ओतले गेले आणि वायूने शेकडो रहिवाशांना त्रास झाला. सल्फाइड असलेल्या गटारात आम्ल पडले तरी विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो. म्हणून आम्ल कुंपणाच्या आतच मारावे लागते. त्यानंतरही काम संपत नाही. सामू ७ झालेल्या आपल्या टँकरात साडेअठ्ठावन्न किलो मीठ उरतेच, आणि आम्लातील क्रोमियम-निकेलसारखे धातू गाळात बसले तर तो गाळ निराळा काढावा लागतो.