डच पाहुणे, भोजपुरी बोली

समजा, बिहारमधल्या एखाद्या खेड्यात एक डच कुटुंब आलं आणि म्हणालं, "आम्ही तुमचेच." चेष्टा वाटेल ना? पण असं खरंच घडतं.

२६ फेब्रुवारी १८७३ ला 'लल्ला रूख' हे जहाज मजूर घेऊन कलकत्त्याहून डच वसाहत सुरिनामला निघालं. तिथे गुलामगिरी १८६३ मध्ये बंद झालेली, मळ्यांना माणसं हवी होती. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार लोक पाच वर्षांच्या करारावर गेले. साधारण एक तृतीयांश परतले, बाकीचे तिथलेच झाले. १९७५ ला सुरिनाम स्वतंत्र झालं, त्या सुमारास त्यांतले कितीतरी हॉलंडला गेले.

मग गाव सापडतं कसं? करारनोंदींतून! नाव, बापाचं नाव, गाव, ठाणं, जिल्हा, उंची, अंगावरची खूण. स्पेलिंग मात्र कारकुनाला ऐकू आलं तसं. मजुरांवर नजर ठेवायला केलेला हा डेटाबेस आज त्यांच्या पणतवंडांना घरचा पत्ता सांगतो.

आणि भेटल्यावर बोलायचं काय? हॉलंडची आजी सरनामी बोलते, म्हणजे भोजपुरी-अवधीतूनच घडलेली भाषा. दुभाषा लागतोच असं नाही.

मला माझ्या पणजोबांचं गाव ठाऊक आहे, त्यांच्या वडिलांचं नाव नाही. आमच्याकडे कुणी लिहूनच ठेवलं नाही.