अकेडियनांची हद्दपारी

सतराव्या शतकात आजच्या कॅनडातील नोव्हा स्कॉशिया परिसरात स्थायिक झालेल्या फ्रेंच वसाहतकऱ्यांचे वंशज म्हणजे अकेडियन. बांध घालून समुद्राकडून मिळवलेल्या खाजण जमिनी ते कसत. १७१३ च्या उट्रेख्त तहाने हा प्रदेश ब्रिटनकडे गेला. फ्रान्सविरुद्ध शस्त्र उचलावे लागेल, या भीतीने अकेडियनांनी राजनिष्ठेची बिनशर्त शपथ नाकारली.

२८ जुलै १७५५ रोजी लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्स व त्यांच्या मंडळाने सर्वांना हद्दपार करण्याचे ठरवले. ५ सप्टेंबरला ग्राँ-प्रेच्या चर्चमध्ये बोलावलेल्या ४१८ पुरुष व मुलांना घरे, जमिनी, गुरे जप्त झाल्याचे सांगून कैद करण्यात आले. १७६३ पर्यंत दहा हजारांहून अधिक लोक देशोधडीला लागले. हजारो जण रोगराईत आणि जहाजे बुडून मृत्युमुखी पडले. परतलेल्यांना जुन्या जमिनी मिळाल्या नाहीत. तेथे न्यू इंग्लंडमधून आणलेले शेतकरी वसले होते. लुइझियानात पोहोचलेल्यांचे वंशज ‘केजन’ म्हणून ओळखले जातात.

अकेडिया नावाचा प्रांत आज नकाशावर नाही. तरीही १८८१ मध्ये निवडलेला १५ ऑगस्टचा राष्ट्रीय दिन आणि १८८४ चा ध्वज हा समाज जपतो. त्याच्या यातनांची दखल राणी एलिझाबेथ यांच्या नावे निघालेल्या २००३ च्या घोषणापत्रात घेण्यात आली. ग्राँ-प्रे २०१२ पासून जागतिक वारसास्थळ आहे.