पेशीकंकाल-नियामक प्रथिने व चेतासंधी

चेतापेशीतील ॲक्टिन तंतू व सूक्ष्मनलिका यांची बांधणी आणि मोडणी नियंत्रित करणारी प्रथिने. चेतासंधी (सिनॅप्स) कोठे जुळावी, किती वाढावी आणि टिकावी की नाही, हे बऱ्याच अंशी त्यांच्यावर ठरते.

रचना : मेंदूतील बहुतेक उत्तेजक चेतासंधी शाखिकांवरील सूक्ष्म कंटकांवर असतात. सांत्यागो रामोन ई काहाल यांनी १८८८ मध्ये या कंटकांचे वर्णन केले. आर्प २/३ संकुल ॲक्टिन तंतूंना फाटे फोडते आणि कंटकाचे डोके रुंदावते. कोफिलिन जुने तंतू तोडते. लिम-कायनेज फॉस्फेट जोडून कोफिलिनला निष्क्रिय करते, तर स्लिंगशॉट हे विकर तो फॉस्फेट काढते. रॅक १ आणि सीडीसी ४२ सामान्यतः वाढीला, तर ऱ्हो-ए आकुंचनाला चालना देते.

लवचिकता : टिम ब्लिस व तेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये चेतासंधीचे दीर्घकालीन वर्धन नोंदविले. तीव्र उद्दीपनाने कॅल्शियम आत शिरते, ॲक्टिन तंतू वाढतात आणि कंटक काही मिनिटांत फुगतो. लॅट्रंक्युलिन देऊन ॲक्टिनची जुळणी रोखल्यास वर्धन सुरू होते, पण टिकत नाही. मंद, लांबलेल्या उद्दीपनात कोफिलिन सक्रिय होऊन कंटक आकसतो.

वाहतूक : चेतासंधीला लागणारा माल सूक्ष्मनलिकांवरून येतो. तो वाहणारे कायनेसिन १९८५ मध्ये रोनाल्ड व्हेल, थॉमस रीझ व मायकेल शीट्झ यांनी माकलाच्या महाअक्षतंतूच्या अभ्यासातून शोधले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांचा गट सूत्रकृमीत ही वाहतूक अभ्यासतो.

पुण्यातील संशोधन : आयसर, पुणे येथील अर्णब घोष यांच्या गटाने फॉर्मिन-२ या ॲक्टिन-जुळणी प्रथिनाचा अभ्यास केला. कोंबडीच्या भ्रूणात ते कमी केल्यावर अक्षतंतूच्या वाढत्या टोकावरील तंतुपादांची पकड सैल झाली आणि अक्षतंतू वाट चुकले (२०१६). झेब्रामाशात त्याच्या अभावी दचकून पळण्याच्या मंडलातील एक चेतापेशीसमूह नीट वाढला नाही व प्रतिसादाला उशीर झाला (२०२१).

विकार : फॉर्मिन-२ जनुकातील काही उत्परिवर्तने बौद्धिक अक्षमतेशी निगडित आहेत. विल्यम्स लक्षणसमूहात सातव्या गुणसूत्राचा तुकडा गळतो. त्यात लिम-कायनेज १ चे जनुकही असते. अल्झायमर रोग्यांच्या मेंदूत कोफिलिन व ॲक्टिनच्या कांड्या आढळतात. मात्र हीच प्रथिने शरीरभर पेशींची हालचाल व विभाजनही सांभाळतात; त्यामुळे केवळ चेतासंधीवर परिणाम करणारे औषध घडविणे कठीण आहे.