कापलेल्या लहरी, हरवलेले चढउतार

अमेरिकेतील टेनेसी राज्यातले नॅशव्हिल हे शहर 'कंट्री' संगीताचे माहेरघर मानले जाते. तेथील एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्स या गायकाच्या 'डोंट वरी' या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू होते. ग्रेडी मार्टिन सहा तारांची बेस गिटार वाजवत होता. मिश्रणयंत्रातील एक ट्रान्सफॉर्मर बिघडलेला असल्याने गिटारचा आवाज फाटून घरघरत बाहेर आला. तरीही तो भाग तसाच ठेवला गेला. १९६१ साली गाणे प्रसिद्ध झाले आणि गाजले. पुढे ध्वनिमुद्रण अभियंता ग्लेन स्नॉडी यांनी हाच परिणाम हवा तेव्हा घडवून आणणारे ट्रान्झिस्टरचे मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने विक्रीस आणले. १९६५ मध्ये 'रोलिंग स्टोन्स'च्या 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात तो आवाज ऐकू आला आणि या छोट्या पेटीची मागणी एकदम वाढली.

आवाज 'फाटतो' म्हणजे नेमके काय होते? शाळेच्या स्नेहसंमेलनात लाउडस्पीकर फार मोठा केला की हा अनुभव सर्वांनाच येतो. समजा, एक वर्धक येणारा विद्युतदाब १०० पट वाढवतो आणि तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. तार हलकेच छेडली तर ०.१ व्होल्ट आणि जोरात छेडली तर १ व्होल्ट दाब त्याला मिळतो. हिशेबाप्रमाणे बाहेर १० आणि १०० व्होल्ट यायला हवेत. पण बॅटरीजवळ आहे त्याहून जास्त दाब येणार कोठून? दोन्ही लहरींचे माथे एकाच उंचीवर कापले जातात. गोलाकार लहर चौकोनी होऊ लागते. तिच्यात मूळ वारंवारतेच्या ३ पट, ५ पट, ७ पट वारंवारतेच्या लहरी मिसळतात. म्हणून आवाज धारदार लागतो. तारेचे कंपन मंदावत गेले तरी लहर मर्यादेला टेकलेलीच राहते, त्यामुळे स्वर गजाने वाजवल्यासारखा लांबतो. वादकांना हेच हवे होते.

याची किंमत मात्र मोजावी लागते. आत जाताना दोन आघातांत १० पटींचा, म्हणजे २० डेसिबेलचा, फरक होता. बाहेर येताना तो जवळजवळ नाहीसा झाला. हळुवार आणि जोरकस वादन सारख्याच मोठेपणाने ऐकू येऊ लागले, की गाण्यातला जीव जातो. मग हे हरवलेले चढउतार परत आणता येतील का?

याचे उत्तर टेलिफोनच्या इतिहासात आहे. न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात १९२७ साली रेडिओ-टेलिफोन सुरू झाला. वातावरणातील खरखरीत हळू बोलणे बुडून जाई. यावर बेल कंपनीच्या अभियंत्यांनी 'कंपँडर' हा उपाय शोधला. त्याचे वर्णन मॅथेस आणि राइट यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केले. पाठवताना आवाजातील चढउतार ठरावीक नियमाने कमी करायचे आणि पोहोचल्यावर त्याच नियमाने उलट वाढवायचे, ही त्यामागची कल्पना. ६० डेसिबेलचा पल्ला ३० मध्ये दाबला, तर दुसऱ्या टोकाला दुप्पट करून तो पुन्हा ६० होतो. रे डॉल्बी यांनीही हेच तत्त्व वापरले. १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. १९६५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. टेपवरील खरखर कमी करणारी त्यांची पद्धत पुढे जगभर पसरली.

मग फाटलेला आवाज असाच उलटा का करता येत नाही? शिक्षकांना हे गुणपत्रकावरून चटकन समजेल. प्रत्येकाचे गुण निम्मे करून लिहिले, तर दुप्पट करून मूळ गुण मिळतात. हा कंपँडर. पण ६० च्या वरचे सर्व गुण '६०' असेच लिहिले, तर ६१ कोणाला आणि ९५ कोणाला हे त्या पत्रकावरून कोणीही सांगू शकणार नाही. हा फझ. कापलेल्या माथ्यांचा गणिताने अंदाज बांधता येतो, पण जितके जास्त कापले असेल तितका तो अंदाज डळमळीत होतो. खरे गुण हवे असतील तर उत्तरपत्रिका काढाव्या लागतात.

ध्वनिमिश्रणात या उत्तरपत्रिकेचे काम स्वच्छ आवाज करतो. गिटारमधून येणारा संकेत दोन वाटांनी नेतात. एक वाट फझमधून जाते, दुसरी तशीच मुद्रित होते. स्वच्छ संकेताचा मोठेपणा क्षणोक्षणी मोजला की चढउताराची एक रेषा मिळते. बेल प्रयोगशाळेतील होमर डडली यांच्या व्होकोडर या यंत्रात १९३० च्या दशकातच अशी मोजणी होत असे. विद्युतदाबाने ज्याची पातळी बदलता येते असा वर्धक रॉबर्ट मूग यांच्या १९६४ च्या सिंथेसायझरमध्ये होता. या दोन्ही गोष्टी जोडल्या, की स्वच्छ आवाजाची रेषा फाटलेल्या आवाजाला वरखाली करते. एवढ्यानेही काम पुरे होत नाही. खऱ्या वाद्यावर जोराचा आघात नुसता मोठा नसतो, तो अधिक तेजस्वीही असतो. म्हणून त्याच रेषेने गाळणीही हलवतात. आवाज लहान होताना वरच्या वारंवारता कमी होतात. याहून सोपा मार्ग म्हणजे स्वच्छ आवाज थोडासा फाटलेल्या आवाजात मिसळणे. बेस गिटारसाठी तो पुष्कळदा वापरतात.

स्वच्छ प्रत ठेवलेलीच नसेल, तर मिश्रण करणारा ऐकून, हाताने पातळी वरखाली करतो. ती त्याची नवी रचना असते. वादकाच्या बोटांनी दिलेला मूळ जोर तिच्यात नसतो.

वर्गात आलेखकागदावर २, ४ आणि ८ घरे उंचीच्या तीन लहरी काढाव्यात आणि तिन्ही २ घरांवर सपाट कापाव्यात. कापलेले कागद दुसऱ्या गटाला देऊन मूळ उंची विचारावी. कडांच्या चढावरून काही विद्यार्थी अंदाज बांधतील. पुढे कापण्याची रेषा अर्ध्या घरावर आणून तोच प्रश्न विचारावा. अंदाज कोठे फसू लागतात, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.